बूचअण्णांची चूक

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. बूचअण्णांना होडी दिसली की ते थेट तिच्या मागे जाऊन खाली वाकत. बसवनगुडीतल्या एका कल्याणमंटपात आमच्या ओळखीतल्या मुलीचं रिसेप्शन होतं. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे तिथे पाणीपुरीचा स्टॉल होडीच्या आकाराचा केला होता, वर शीड, शिडाला दिव्यांच्या माळा. अण्णा हातात ताटली घेऊन रांगेत उभे होते. त्यांचा नंबर आला तशी ताटली त्यांनी माझ्या हातात दिली, मागे गेले, झालर वर केली आणि गुडघ्यावर बसून आत डोकावले. मागच्या बाईंना वाटलं, काही पडलं. त्यांनी विचारलं तेव्हा अण्णा उठत म्हणाले, "काही न्हाई हो. बूच न्हाई हिला." मग पुऱ्या फोडणाऱ्या माणसाला अगदी मनापासून सांगितलं, "पाण्यात घालू नका बरं का ही." तोही तितक्याच मनापासून "इल्ला सार", नाही साहेब, म्हणाला. मी दोन ताटल्या हातात घेऊन, आपण यांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने उभी होते. अण्णांबरोबर कुठे जायचं म्हणजे हा चेहरा मला बरोबर ठेवावा लागे.

त्यांचं खरं नाव घराच्या पाटीवर होतं आणि तिथेच राहिलं. बूच हा मराठी शब्द, पण आमच्या तळ्यावरच्या कानडी, तमिळ, तेलुगू सगळ्यांना तो त्यांच्यामुळे येत होता. अण्णा चिकोडीकडच्या खेड्यातले. घरात मराठी, शाळेत कानडी, आणि पुढे विमानांच्या सरकारी कारखान्यात तीसेक वर्षं तपासनिसाची नोकरी. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तिन्ही ठिकाणची भेसळ असे. मी पुण्याची. लग्न होऊन इथे आले, एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झाले, तरी आपलं मराठी शुद्ध हा माझा तोरा काही उतरला नव्हता. "अक्का, तुम्ही बोलूलालात की बातम्या लागल्यासारखं वाटतंय," असं ते एकदा म्हणाले. त्यानंतर मी जरा सांभाळून बोलायला लागले. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणत; मी त्यांना अण्णा म्हणे.

आमची वसाहत आनेकलच्या रस्त्याला आहे. आम्ही बसवनगुडी सोडून इथे आलो तेव्हा मागे तळं आहे असं बिल्डरने छापून दिलं होतं. प्रत्यक्षात खिडकीतून हिरवंगार मैदान दिसे. जलपर्णी इतकी माजली होती की पाणी कुठे आहे ते कळायचं नाही. एकदा एक गाय गवत समजून आत गेली आणि तिला बाहेर काढायला अर्धी वसाहत लागली. त्या गाईच्या निमित्ताने आम्ही सगळे पहिल्यांदा एकमेकांशी बोललो आणि तिथूनच आमचा तळ्याचा गट सुरू झाला. एक निवृत्त शाळामास्तर होते, त्यांना सेक्रेटरी केलं. त्यांना सगळे मेष्ट्रू म्हणत, कानडीत मास्तरांना म्हणतात तसं. दर रविवारी सकाळी हाताने जलपर्णी उपटायची, काठावर ओढायची, वाळवायची. सहा वर्षं लागली. सहा वर्षांनी एका सकाळी मधोमध एक पाणकावळा बुडी मारून वर आला तेव्हा मेष्ट्रू, एवढा करडा माणूस, टॉवेल तोंडावर धरून उभे राहिले होते.

या कामासाठी आम्ही फायबरची एक जुनी होडी घेतली होती. ती गळायची. वसाहतीत विमानांच्या कारखान्यातले कुणीतरी राहतात असं कळलं, म्हणून मेष्ट्रू अण्णांना बोलवायला गेले. विमान दुरुस्त करणाऱ्याला होडी काय जड, असा त्यांचा हिशेब. अण्णांनी होडी बघितली आणि म्हणाले, "गळत न्हाई ही. हिचं बूच कुणीतरी चपलेच्या रबराचं केलंय." होडीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक छिद्र असतं. होडी काठावर घेतली की आत साचलेलं पाणी तिथून सोडून द्यायचं, आणि पुन्हा पाण्यात घालताना ते बूच लावून बंद करायचं. एवढंच त्या बुचाचं काम. अण्णा यशवंतपूरला आपल्या एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेले, स्वतः लेथवर उभे राहिले आणि आटे पाडलेलं पितळी बूच करून घेऊन आले. मग आमच्याकडून ते गेलेच नाहीत.

बूच लावायचं हे कुणालाही कळतं. अण्णांचा सगळा जीव काढण्यात होता. आजूबाजूच्या तळ्यांवरही आमच्यासारखे गट झाले होते, पण होडी आमच्या एकट्यांकडे. त्यामुळे ती टेम्पोत घालून इकडेतिकडे मागून नेत. अण्णांची अट एकच. त्या तळ्यातून होडी काढली की त्याच तळ्याच्या काठावर बूच काढायचं, पुढचं टोक उचलून धरायचं, शेवटचा थेंब जाईतोवर. मग होडीच्या तळावर टाकलेल्या फळ्या उचलायच्या, त्यांच्याखाली फडकं फिरवायचं, अडकलेलं पानपात वेचायचं. आणि आपल्याकडे आणल्यावर दोन दिवस उन्हात. "वाळली की ती आपली," ते म्हणत. "ओली असंल तवर ती त्या तळ्याची. त्यांचं पाणी त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे." नखाएवढ्या तुकड्यापासून अख्खं तळं झाकतं हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. जलपर्णी उपटताना त्यांनी ते पाहिलं होतं. कुणी म्हणालं, "अण्णा, एवढंसं पाणी काय करणार?" तर ते रागावत नसत. "जलपर्णी चालत आली होती काय हो? कुणीतरी एवढंसंच आणलेलं," म्हणत आणि फडकं पिळत.

घरीही तेच. त्यांच्या बायको शांताक्का, हसऱ्या आणि तोंडाळ. त्या सांगत, "ह्यांच्यामुळं आमच्याकडं आंघोळीची बादलीसुद्धा पालथी घालून वाळत ठेवतोय आम्ही. पाव्हणे आले की विचारतात, बादली फुटलीय काय म्हणून." अण्णा आत वर्तमानपत्र वाचत बसलेले असत, ते नुसतं हसत. कारखान्यातली दुसरी एक सवय त्यांनी आम्हालाही लावली. आपण केलेलं काम दुसऱ्याला तपासायला लावायचं. होडी स्वतः पुसली तरी मला बोलावत, "अक्का, बघा जरा. आपलं आपण बघितलं की चूक दिसत न्हाई." मी ग्रंथालयात जन्म घालवलेली, पुस्तक जागेवर नसलं तर मला झोप यायची नाही. फळ्यांखाली एखादं पान सापडलं की मी विजयी मुद्रेने ते त्यांच्यासमोर धरी. त्यावर ते खूश होत. चूक काढली म्हणून खूश होणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता, आमच्या घरात तर नाहीच.

एकदा कंपनीतली चार-पाच मुलं मोटारींच्या टपावर लाल-पिवळ्या लहान होड्या बांधून आली. आदल्या आठवड्यात कुठल्या तरी धरणाच्या पाण्यात त्या फिरवून आणलेल्या, आत अजून ओल. त्यांना आमच्या तळ्यात सराव करायचा होता. त्यांतला एक तरुण अण्णांना हिंदीत नियम विचारू लागला, कुठे लिहिलंय, कुणाची सही आहे. अण्णांनी त्याला घरी नेलं, शांताक्कांच्या हातची कॉफी पाजली, होड्यांची बुचं काढून त्या आपल्या अंगणात उन्हाला उलट्या घातल्या आणि दुपारपर्यंत त्याला विमानाच्या टाकीतून पाणी कसं काढतात ते सांगत बसले. दुपारी होड्या वाळल्या. तो मुलगा पुढे दर वेळी येताना होडी वाळवून आणायचा आणि कॉफीला मात्र नेमाने थांबायचा.

आता माझ्याबद्दल. पहिल्या वर्षीच मी एक पराक्रम केला होता. अण्णांना यायला उशीर झाला, मेष्ट्रूंना घाई, म्हणून मी होडी पाण्यात ढकलली आणि दोघं निघालो. बूच काठावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तिथेच राहिलं. जलपर्णी काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यात मध्यावर मेष्ट्रूंचे बूट तरंगायला लागले. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून निभावलं, पण मेष्ट्रू चिखलातून होडी ओढत आणि मी मागून ढकलत, अशी आमची मिरवणूक काठाला लागली तेव्हा सगळी वसाहत बघायला उभी होती. अण्णांनी हात देऊन मला वर घेतलं. "झालं ते झालं. आता जन्मात इसरणार न्हाई तुम्ही," एवढंच म्हणाले. खरंच विसरले नाही. उलट त्या बुचाची मला धास्तीच बसली. कुठेही होडी दिसली की बूच लावलंय ना, हे मी दोनदोनदा चाचपायची. माझी पुढची चूक या धास्तीतूनच झाली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारच्या एका तळ्याने होडी मागितली. त्यांच्याकडे वेगळीच वनस्पती उगवली होती. बोटाच्या पेराएवढी, दोन-दोन खरखरीत पानं जोडलेली, पाण्यावर नुसती तरंगणारी. साल्व्हिनिया म्हणतात तिला. मुळं धरायचीसुद्धा तिला गरज नाही, तुकडा तुटला की त्याचं वेगळं बिऱ्हाड. होडीच्या दोन खेपा ठरल्या. पहिल्या खेपेला अण्णा गेले. दुसरीच्या आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डाव्या डोळ्याने त्यांना धूसरच दिसायचं, उजवाही जायला लागला होता. "अक्का, तुम्ही जावा. तुमच्यासारखं नीट कोण करणार," ते म्हणाले. मी गेले, आणि अगदी ऐटीत गेले.

काम संपलं तेव्हा दुपार झाली होती. टेम्पोवाला मंजुनाथ घाई करत होता, त्याला दुसरीकडे सामान पोचवायचं होतं. मी होडी बाहेर काढून घेतली. फळ्या वरून लख्ख पुसल्या, त्यांच्याखाली हात घातला नाही. आणि बूच? ते मी काढलंच नाही. उलट पाना घेऊन आणखी आवळलं. वाटेत धक्क्यांनी सैल होऊन पडलं तर, पुन्हा मेष्ट्रूंचे बूट तरंगले तर, एवढंच माझ्या डोक्यात. आमच्या तळ्यावर पोचलो, होडी सिमेंटच्या उतारावर ठेवली आणि आतून खळखळ ऐकू आली. तेव्हा मला अण्णांचा नियम आठवला, पण अर्धाच. मी खाली वाकून बूच काढलं. मंजुनाथ म्हणाला, "अक्का, इल्ली? इथेच?" मी म्हणाले, "अण्णांनी सांगितलंय, बूच काढायचं." ते पाणी माझ्या पायांवरून उतारावर आणि उतारावरून आमच्या तळ्यात गेलं. मी समाधानाने हात धुतले, तेही तिथेच.

तीन आठवड्यांनी अण्णा काळा चष्मा लावून तळ्यावर आले. नवीन डोळ्याचं त्यांना फार कौतुक. पलीकडच्या काठावरच्या बगळ्याची चोच दिसते म्हणाले, माझे पांढरे केस दिसतात म्हणाले. बोलता बोलता उतारापाशी थांबले. चष्मा काढला. लव्हाळ्याच्या कडेला पाण्यावर दोन हातभर जागेत बारीक हिरवं दिसत होतं. आम्ही रोज येत होतो, शेवाळ समजून कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी वाकून एक तुकडा तळहातावर घेतला आणि मला दाखवला. दोन-दोन खरखरीत पानं. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं, कसं आवळलं, कसं काढलं, मंजुनाथ काय म्हणाला, सगळं. अण्णा ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "कोडी कवा वाहती आपली?"

कोडी म्हणजे तळ्याचा सांडवा. आमच्या भागातली तळी एकाखाली एक आहेत. वरचं भरलं की कोडीवरून पाणी खालच्यात जातं, तिथून त्याच्या खालच्यात. आमच्या खाली चार तळी होती आणि चारही स्वच्छ. आमची कोडी गणपतीच्या सुमारास वाहते. म्हणजे त्याआधी ते हिरवं शेवटच्या तुकड्यापर्यंत निघालं नाही तर माझ्या पायांवरून गेलेलं ते बादलीभर पाणी पाच तळी खाणार होतं. आमची सहा वर्षं गेलीच, इतरांचीही जाणार. मी म्हणाले, "रविवारच्या मीटिंगमध्ये सांगते मी सगळ्यांना." अण्णा म्हणाले, "सांगू नका."

रविवारी अण्णाच उभे राहिले. तुकडा एका वाटीत घालून सगळ्यांसमोर फिरवला आणि शांतपणे कानडीत म्हणाले, हे माझ्या खेपेला आलं. मला दिसत नव्हतं, फळ्यांखाली मी नीट बघितलं नाही, चूक माझी. मेष्ट्रू त्यांच्याकडे बघतच राहिले. आणि मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावली, ती खाली मान घालून बसून राहिले. मीटिंग संपल्यावर मी त्यांना गाठलं. रागच आला होता मला. हे असले उपकार मला नको आहेत, असं काहीतरी फाडकन बोलले. ते म्हणाले, "अक्का, उपकार न्हाईत. तुम्ही सांगितलं की तुम्ही लाजंनं उद्यापासून येणार न्हाई. मी तुम्हाला वळखतो. मी सांगितलं तरी मी येणारच. आता मला हात पायजेत, गणपतीपर्यंत." खरंच, मी आले नसते.

मग आम्ही लागलो. आधी बांबू आणि जाळी बांधून ती जागा बाकीच्या तळ्यापासून तोडली. रोज सकाळी दोन तास, बारीक जाळीच्या गाळण्या घेऊन, कमरेइतक्या पाण्यात. काढलेलं सगळं वाळूवर पसरून अण्णा एकेक तुकडा वाळल्याची खात्री करून घेत. त्यांना डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली होती, म्हणून ते काठावर खुर्ची टाकून बसत आणि नव्या डोळ्याने आम्हाला दिशा सांगत. "अक्का, डावीकडं, लव्हाळ्याच्या मुळाशी एक. त्याच्या मागं आणि एक." मला कधीकधी वाटे, हा माणूस मुद्दाम माझ्याच वाट्याला जास्त काढतोय. वाटे, बरंच करतोय. संध्याकाळी मी एकटी पुन्हा येऊन फेरी मारत असे. नवरा म्हणाला, "तुला कुणी शिक्षा दिल्ये का?" मी त्याला काही सांगितलं नाही.

पहिले दोन-तीन दिवस कुणी काही बोललं नाही. मग अण्णांची चेष्टा सुरू झाली. मेष्ट्रू रोज आले की पहिला प्रश्न, "काय बूचअण्णा, आज बूच काढलं की नाही?" कुणी म्हणे, अण्णांच्या खिशात बघा, अजून एखादं तळं निघेल. कुणी त्यांच्या वाढदिवसाला भिंग आणून दिलं, फळ्यांखाली बघायला. अण्णा सगळ्यांबरोबर हसत. मला मात्र प्रत्येक वेळी चटका बसे. मंजुनाथसुद्धा एकदा त्यांना म्हणाला, "अण्णा, टेम्पो धुऊन आणलाय हं," आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, हा विसरला बिचारा. चेष्टा परवडली, पण दुसरं एक झालं ते मला सोसवलं नाही. खालच्या एका तळ्याच्या लोकांनी अण्णांना होडी कशी धुवायची ते शिकवायला बोलावलं होतं. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी अगदी सभ्य शब्दांत कळवलं की सध्या नको. अण्णांनी त्यासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, शांताक्कांनी मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता पुरे. मी सांगणार." ते म्हणाले, "कोडी वाहू द्या, मग बघू." कोडी वाहायच्या आत मी पुन्हा दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर.

त्या वर्षी गणपती बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी कोडी वाहिली. आम्ही सगळे कोडीच्या भिंतीवर गाळण्या धरून उभे होतो, दिवसभर, पाळीपाळीने. काळी पानं आली, एक चप्पल आली, निर्माल्य आलं. हिरवं काही आलं नाही. अण्णा खुर्चीतून उठून खालच्या तळ्यापर्यंत चालत गेले, तिथल्या तोंडाशी तासभर बसले, परत आले आणि मला म्हणाले, "सरी अक्का, ठीक झालं. आलं तसं गेलं." मग खिशातून पेढा काढून दिला. मी म्हणाले, "आता सांगू?" ते म्हणाले, "आता कशाला? आता सांगून कुणाचं काय व्हायचं राहिलंय?" पुढे तीन महिने त्यांनी जाळी काढू दिली नाही, आणि माझी गाळणीही सुटली नाही. मी मग सांगायचं पुढे ढकलत राहिले. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. चेष्टा चालू होती, अण्णा हसत होते, आणि मी त्यांच्या पाठीमागे सुखात उभी होते.

गेल्या डिसेंबरात अण्णा गेले. दोन दिवस ताप काय आला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. शांताक्का म्हणाल्या, "त्रास दिला न्हाई कुणाला. माझ्याकडून अंथरूणसुद्धा करून घेतलं न्हाई." बाराव्यानंतरच्या रविवारी आम्ही तळ्यावर जमलो, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला. खालच्या तळ्यांवरचेही लोक आले होते. तो लाल होडीवाला तरुण आला होता. मेष्ट्रू बोलायला उभे राहिले. पितळी बुचाचं सांगितलं, अंगणातल्या कॉफीचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत या माणसाच्या हातून एकच चूक झाली." लोक प्रेमाने हसले. खालच्या तळ्यावरचेही हसले.

मला ते हसणं सहन झालं नाही. मी उठले. माझं कानडी आजही बाजारापुरतंच आहे, आणि त्या दिवशी तेही आठवेना. मी मराठी, हिंदी, जे येईल ते मिसळून बोलले. म्हणाले, ती चूक अण्णांची नाही, माझी आहे. बूच मी आवळलं, मी इथे उतारावर काढलं, पाणी मी सोडलं. दीड वर्ष तुम्ही त्यांना चिडवलंत आणि मी ऐकत बसले. ज्यांनी त्यांना शिकवायला बोलावून मग नको म्हटलं त्यांनी ऐकून ठेवा, फळ्यांखाली बघायचं तो माणूस कधी चुकला नाही. बोलता बोलता मी रडायला लागले, आणि साठीच्या बाईने चारचौघांत असं रडणं बरं दिसत नाही हे माहीत असून थांबता आलं नाही.

कुणाला धक्का बसल्यासारखं दिसेना. खालच्या तळ्याच्या लोकांनी मात्र माना खाली घातल्या. मेष्ट्रू हळूच म्हणाले, "गोत्तु, अक्का." म्हणजे ठाऊक आहे. "आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मंजूने त्या रविवारीच सांगितलं होतं, मीटिंग संपल्यावर." मी वळून मंजुनाथकडे बघितलं. तो टेम्पोला टेकून उभा होता, त्याने नजर चुकवली.

मला रागच आला, आणखी काय येणार. मी म्हणाले, "ठाऊक होतं, तर मग माझ्यासमोर रोज त्यांना चिडवत होतात ते कशासाठी?"

मेष्ट्रूंनी चष्मा काढून पुसला. "मला ते जमत नव्हतं, अक्का. मंजू बोलला हे अण्णांना कळलं तेव्हा त्यांनीच सांगितलं; मी आधी नाही म्हणालो होतो. पण अण्णा घरी आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, माझी चेष्टा करा. रोज करा. तुम्ही सगळे गप्प राहिलात तर अक्कांच्या लक्षात येईल की तुम्हाला कळलंय. मग त्या यायच्या बंद होतील."

शांताक्कांनी माझा हात धरून मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मी बसले, आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.